साडेछप्पन रुपयांची मोटार

मी बी.कॉम. आहे. यात अभिमानाने सांगण्यासारखं आता काही उरलेलं नाही, पण पुढचे आकडे कुणा ऐऱ्यागैऱ्याने मांडलेले नाहीत एवढं कळावं म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो.

आमच्या घरी, म्हणजे बुटीबोरीला, एक फियाट मोटार आहे. बाबांनी ती १९८६ साली हिंगणघाटच्या एका कापूस व्यापाऱ्याकडून ३२,००० रुपयांना घेतली. तेव्हाच ती तेरा वर्षांची होती. मोटारीवर दरसाल १५ टक्के घसारा धरायचा, आणि तोही मूळ किमतीवर नव्हे तर उरलेल्या किमतीवर, असं मला कॉलेजात शिकवलेलं आहे. परवा एका दुपारी बँकेची लिंक गेली होती, काउंटरसमोरची माणसं माझ्याकडे बघत होती आणि मी काहीतरी करतोय असं दिसणं आवश्यक होतं. तेव्हा मी हा हिशेब केला. २०२५ अखेर आमच्या मोटारीची पुस्तकी किंमत साडेछप्पन रुपये निघाली.

घरी येऊन मी हे सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मग मागच्या महिन्यात त्या साडेछप्पन रुपयांना अकरा हजारांचं रेडिएटर कशाला बसवलं?" या प्रश्नाचं उत्तर बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात नव्हतं.

आता मोटारीची ओळख. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही लेक. १९६४ साली ती फियाट ११०० डिलाइट म्हणून आली, मग ११०० डी झाली, १९७२ साली प्रेसिडेंट झाली आणि त्यानंतर दोनेक वर्षांनी पद्मिनी. नावं बदलली तरी चेहरा तोच, १०८९ सीसीचं इंजिनही तेच. आमची १९७३ ची, म्हणजे प्रेसिडेंट. राष्ट्रपतीसारखीच आहे. मान मोठा आणि धावपळ बेताची. त्या काळी नवी फियाट हवी तर पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. बाबा शाळेत मुख्याध्यापक. प्रॉव्हिडंट फंडातून उचल काढून त्यांनी जुनी घेतली, कारण निवृत्तीनंतर नवी मिळाली असती आणि तोवर आम्ही मोठे झालो असतो. पुढे एक शेजारी तिच्यात डिझेल इंजिन टाकून घ्या म्हणाला, तेव्हा बाबांनी महिनाभर त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

मोटार माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे आणि मी तिला त्याच नात्याने वागवतो. सकाळी उठल्याउठल्या तिच्याकडून कामाची अपेक्षा करायची नाही. आधी चोक ओढायचा, मग किंचित ॲक्सिलरेटर, मग स्टार्टर, आणि पहिल्या तीन वेळा तिने खोकून दाखवलं की त्यावर काही बोलायचं नाही. गिअरचा दांडा स्टिअरिंगला. माझ्या मुलाला मोबाइलवर जगातली कुठलीही मोटार चालवता येते, पण हिचा पहिला गिअर सापडत नाही. त्यामुळे तिला कुलूप लावलं काय आणि न लावलं काय, सारखंच. पुढचं सीट बाकासारखं सलग आहे. लहानपणी बाबा चालवायचे, मी मधे आणि आई खिडकीशी. दर गुरुवारी संध्याकाळी नागपूरला वर्धा रोडवरच्या साईमंदिरात जायचं, हा नेम आईचा. आई २०१९ साली गेली. नेम बाबांनी चालू ठेवला. आता चालवतो मी, आणि खिडकीशी बाबा बसतात.

मोटारीचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे आमच्याकडचा उन्हाळा. हिचा पेट्रोलपंप इंजिनच्या अंगालाच बसवलेला. मे महिन्यात हवा पंचेचाळीसवर गेली की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, पंप पेट्रोल ढकलायचं सोडून नुसती वाफ दाबत बसतो आणि मोटार उभी राहते. यावर इटलीत काय करतात कोण जाणे, आमच्याकडे ओलं फडकं ठेवतात. पंपावर फडकं टाकायचं, वर पाणी शिंपडायचं आणि बॉनेट उघडं ठेवून झाडाखाली बसायचं. आमच्या मोटारीत स्टेपनीपेक्षा फडक्याला मान आहे. आईच्या एका जुन्या सुती पातळाचं ते फडकं आहे आणि बाबा दुसरं वापरू देत नाहीत.

दुसरं दुखणं नवीन आहे. २०२५ पासून सगळीकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आमचे मिस्त्री, ज्यांना सगळा नागपूर उस्ताद म्हणतो, त्यांनी सोलेक्सचा कार्ब्युरेटर उघडून आतलं फुगलेलं रबर चिमटीत धरून दाखवलं. "पाहा जी गुरुजी, हे नवं पेट्रोल जुनं रबर खाऊन रायलं." बाबांना फार वाईट वाटलं. "जन्मभर निर्व्यसनी राहिली," ते म्हणाले, "आणि या वयात प्यायला लागली." सगळ्या नळ्या बदलाव्या लागल्या.

या उस्तादांच्या गॅरेजमध्येच मला ती हौशी मंडळी भेटली. नागपुरात जुन्या मोटारी पाळणाऱ्यांचा एक गोतावळा आहे. त्यात डॉक्टर आहेत, वकील आहेत, संत्र्यांचे व्यापारी आहेत आणि आता मी आहे. रविवारी सकाळी सिव्हिल लाइन्सच्या झाडाखाली जमायचं, बॉनेट उघडायची आणि एकमेकांच्या इंजिनात वाकून बघायचं. पोहे येतात. पोह्यांवर तर्री घेताना ती दुसऱ्याच्या मोटारीवर सांडू नये हा एकच लेखी नसलेला नियम. तिथे मॉरिस मायनर आहे, विलिस जीप आहे, आणि एक ब्यूक आहे जिच्या मालकाला तिच्या पेट्रोलचा खर्च विचारणं असभ्य समजतात. समोरच्याच्या मोटारीची तोंडभर स्तुती करायची आणि घरी जाताना बायकोला सांगायचं, "टेललॅम्प ओरिजिनल नव्हता." मला पहिल्या दिवशी विचारलं, कुठे राहता? मी म्हटलं, बुटीबोरी. "अरे वा, एमआयडीसीत! मग पार्ट बनवून घेत असाल." आमच्या एमआयडीसीत पुष्कळ काही बनतं, पण १९७३ च्या फियाटचं दाराचं हँडल तेवढं बनत नाही.

पार्ट मिळायचे मुंबईहून. तिथे हजारो काळ्यापिवळ्या पद्मिनी होत्या तोवर आम्हाला चिंता नव्हती. एक भंगारात गेली की तिच्या अवयवदानातून गावोगावच्या चार जगत. पण मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, आणि तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदवली गेली होती २९ ऑक्टोबर २००३ ला. त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती जातच रस्त्यावरून उठली. पेपरांत तिचे फोटो आले, लोक हळहळले. आमच्या मंडळींनीही हळहळ व्यक्त केली, पण त्यातले तिघं त्याच आठवड्यात मुंबईला जाऊन दोन गिअरबॉक्स, हेडलाइटच्या कड्या आणि एक अख्खा डॅशबोर्ड घेऊन आले. मला त्यांनी दाराचं हँडल दिलं. पैसे घेतले नाहीत. बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला असला व्यवहार पचायला वेळ लागतो.

तर या मंडळींतल्या डॉक्टरांनीच मला सांगितलं की तुमची मोटार आता विंटेज झाली. खऱ्या जाणकारांच्या भाषेत विंटेज म्हणजे १९१९ ते १९३० मधली, पण सरकार तेवढं सोवळं नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली आणि सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली मोटार विंटेज ठरते. तिला खास नंबर मिळतो, राज्याच्या अक्षरांपुढे 'व्हीए' लिहिलेला. फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. मी लगेच दुसरा रकाना मांडला. साधी फेरनोंदणी केली तर वीस वर्षांवरच्या मोटारीला २०२५ पासून दहा हजार, मुदत पाच वर्षं. म्हणजे दोन्हीकडे वर्षाला दोन हजारच. सरकारचे दोन आकडे एकमेकांशी जुळलेले मी प्रथमच पाहत होतो. त्या आनंदात मी फॉर्म छापून आणला.

मोटार बाबांच्या नावावर, सही त्यांची लागणार. बाबा ८१ वर्षांचे आहेत, पण कुठल्याही कागदावर तो पूर्ण वाचल्याशिवाय सही करत नाहीत. चष्मा लावून त्यांनी नियम वाचायला घेतले. सुरुवातीला खूश होते. "फेरफार नाही, बघ! त्या डिझेलवाल्याला दाखव हे." मग एका ओळीवर थांबले.

विंटेज नंबराची मोटार रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची.

"म्हणजे गुरुवारी?" बाबा म्हणाले.

मी म्हटलं, "बाबा, दुरुस्तीला चालतं. आणि आपली मोटार रस्त्यावर येते ती बहुतेक दुरुस्तीलाच. उस्तादकडे जाताना मंदिर वाटेतच आहे."

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मला सातवी ब आठवली. खोटं कारण लिहिलेली रजेची चिठ्ठी त्यांनी आजवर मंजूर केलेली नाही.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "मला २००२ साली शाल दिली, आठवतं? शाल, श्रीफळ, मुलींनी गाणं म्हटलं. सोमवारी सवयीने मी शाळेत गेलो तर शिपायाने व्हरांड्यात खुर्ची टाकली. चहा पाजला. वर्गात कोणी जाऊ देईना. म्हणे, सर, आता तुम्ही पाहुणे." एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. सही केली नाही, आणि नाहीही म्हणाले नाहीत.

मी हे डॉक्टरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, अहो, जगभर हेच आहे, फिवा म्हणून जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे तिच्याही व्याख्येत ऐतिहासिक मोटार रोजच्या वाहतुकीला वापरायची नसते. जपायचं तर वापर कमी करायलाच हवा. फाइल घेऊन या, बाबांना मी समजावतो. डॉक्टरांचं चूक नव्हतं. जामठ्यापुढे आमच्या दोन्ही बाजूंनी जे ट्रक जातात ते पाहिले की मलाही तिला काचेच्या कपाटात ठेवावंसं वाटतं.

म्हणून त्या गुरुवारी बँक सुटल्यावर फाइल पुढच्या खणात टाकून आम्ही निघालो. मे महिना, संध्याकाळचे सहा, पण हवा तव्यावरची. जामठ्याचं क्रिकेट स्टेडियम मागे पडलं आणि मोटारीने दोन आचके दिले. मी कडेला घेतली. बॉनेट उघडलं, आईच्या पातळाचं फडकं पंपावर टाकलं, पिण्याच्या बाटलीतलं पाणी ओतलं. बाबाही उतरले आणि पंपाजवळ उभे राहिले.

एक मोटारसायकल थांबली. एमआयडीसीतली दोन पोरं, गळ्यात कंपनीची ओळखपत्रं. त्यांनी आधी फोटो काढला, मग मदत विचारली.

"काय झालं जी काका?"

"काही नाही. गरम झाली आहे."

"मस्त आहे बे," एक दुसऱ्याला म्हणाला, आणि मग बाबांना, "विंटेज आहे का काका?"

"नाही," बाबा म्हणाले. "चालू आहे."

पोरांनी आपल्याजवळचं उरलेलं पाणी फडक्यावर ओतलं आणि ती गेली. मी पुन्हा स्टार्टर मारला तेव्हा ती तीनदा खोकली आणि लागली. तेव्हा माझं लक्ष गेलं. इतका वेळ बाबा खाली वाकून पंपाला ज्याने वारा घालत होते, ती माझी फाइल होती.