सक्तीची विश्रांति

दुखणाइतावरील प्रेम व्यक्त करण्याचा आपल्या घरांतून एकच सर्वमान्य मार्ग आहे. तो म्हणजे त्याला कांहींही करूं न देणें. ताप येवो कीं पाय मुरगळो, थोरांपासून पोरांपर्यंत साऱ्यांच्या तोंडीं एकच आज्ञा असते : "पडून राहा!" ही आज्ञा इतकी मायेची कीं, तिच्यांत कांहीं अपाय असेल अशी शंकाही कोणाच्या मनाला शिवत नाहीं. परंतु हृदयविकाराच्या झटक्यावर आजवर काय काय उपचार झाले, हें वाचतांना मला वाटूं लागलें कीं, मायेलाही पुरावा विचारावा लागतो.

हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमनींत एकाएकीं गुठळी अडकली म्हणजे माणूस तत्काळ मरतो, असा पूर्वीं समज होता. असा रोगी जगूं शकतो व त्याच्या हयातींतच रोगाचें निदान करतां येतें, हें शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनीं १९१२ सालीं दाखवून दिलें. मग जगलेल्याचें करावयाचें काय? हेरिक यांनीं कांहीं दिवस पूर्ण विश्रांति सांगितली. पुढें १९३९ सालीं मॅलरी, व्हाइट आणि त्यांचे एक सहकारी यांनीं मृतांचीं हृदयें सूक्ष्मदर्शकाखालीं तपासलीं. इजा झालेल्या स्नायूच्या जागीं पक्का वण धरण्यास कित्येक आठवडे लागतात, असें त्यांना आढळलें. हिशेब सोपा होता : वण धरेपर्यंत हृदयाला श्रम नकोत. रोग्यानें चार ते सहा आठवडे निजून राहावें. कूस दुसऱ्यानें वळवावी, घासही दुसऱ्यानें भरवावा. तर्क निर्दोष दिसत होता. मात्र निजून राहिलेला रोगी खरोखरच अधिक जगतो काय, हें कोणी मोजून पाहिलें नव्हतें.

माझ्या लहानपणीं आमच्या वाड्यांतील एका मास्तरांना असा झटका आला होता. त्यांच्या दारावरून जातांना आम्हां मुलांना वहाणा हातांत घ्याव्या लागत. जन्मभर पायीं शाळेला जाणारे ते गृहस्थ कडीपाटाकडे डोळे लावून पडलेले असत. एकदां मला जवळ बोलावून म्हणाले, "अरे, वरच्या कड्या सत्तावीस आहेत. मोजून पाहा." दीड महिन्यानें ते उठले खरे, पण जिना उतरण्याचा धीर त्यांना पुन्हा कधीं झाला नाहीं.

बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगॅम रुग्णालयांत सॅम्युएल लेव्हीन व त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाउन यांनीं मात्र असे रोगी लवकरच पलंगावरून उचलून आरामखुर्चींत बसविण्यास आरंभ केला. पाय खालीं सोडले म्हणजे हृदयाकडे परतणारें रक्त कमी होऊन त्याचा भार हलका होतो, असा लेव्हीन यांचा युक्तिवाद. हाताखालच्या डॉक्टरांना हा जिवाशीं खेळ वाटला. पण १९५२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ८१ रोग्यांच्या वृत्तांतांत खुर्चीनें अपाय झाल्याचें दिसलें नाहीं. रोग्यांचीं मनें मात्र उल्हसित झालेलीं दिसलीं. अपाय होता तो शय्येचाच. निश्चल पायांच्या शिरांत रक्त साकळे, आणि ती गुठळी फुप्फुसांत जाऊन घात करी.

ज्या व्हाइट यांच्या तपासणीनें शय्येचा नियम बळकट झाला, तेच १९५५ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्यावर उपचार करावयास गेले. अध्यक्ष सुमारें सात आठवडे रुग्णालयांत राहिले. परंतु असा रोगी पुन्हा कामाला लागूं शकतो, हें व्हाइट यांनीं साऱ्या राष्ट्राला समजावून सांगितलें. पुढच्याच वर्षीं आयसेनहॉवर पुन्हा निवडून आले.

त्यानंतर उपचारांची दिशाच पालटली. १९७७ सालीं झुरिच येथें ग्रुंट्झिग यांनीं चिमुकल्या फुग्यानें हृदयाची अरुंद झालेली धमनी प्रथमच रुंद केली. १९८८ सालीं सतरा हजारांहून अधिक रोग्यांवरील प्रयोगांत असें सिद्ध झालें कीं, गुठळी विरघळविणारें औषध व साधी ॲस्पिरिनची गोळी या दोहोंनीं कितीतरी जीव वाचतात. आज धमनी वेळीं मोकळी झालेला रोगी, गुंतागुंत नसल्यास, थोड्याच दिवसांत चालत घरीं येतो. मात्र तोंपर्यंत क्षणाक्षणाला हृदयाचा स्नायु मरत असतो.

आणि नेमक्या त्याच घटकेला आपली माया आडवी येते. छाती भरून येते, घाम सुटतो, हाताला कळ लागते, आणि घरचीं माणसें म्हणतात, "पित्त झालें असेल. जरा पडा, सकाळीं पाहूं." रुग्णालयांतून हद्दपार झालेली ती सक्तीची विश्रांति आपल्या माजघरांत अजून नांदते आहे. अशा वेळीं मायेनें उशी शोधूं नये, वाहन शोधावें. आणि रोगी सुखरूप परतल्यावर, डॉक्टरांनीं परवानगी देतांच, त्याच्या हातीं पिशवी देऊन त्याला खुशाल मंडईंत भाजी आणावयास धाडावें!