तोटी आणि तिचा पहारा

वळवाच्या पहिल्या सरीनंतर शेडचे दार उघडले, तेव्हा ओल्या मातीच्या गंधाला बाजूस सारून जुन्या ऑइलचा कडवट वास पुढे झाला, आणि काकांच्या बी.एस.ए. एम-२० मोटारसायकलीखाली काळे तळे साचलेले दिसले. या गाडीची ऑइलची टाकी इंजिनापासून निराळी. मधल्या वाटेवर स्प्रिंगने दाबलेली एक लहानशी गोळी तेवढी तेलाला अडवून धरते, आणि तिची बैठक झिजली की निश्चल उभ्या गाडीत तेल आपल्या शिरस्त्याने खाली उतरून क्रँककेस भरते. मग किक मारणाऱ्याचा गुडघा आणि धुरापुढे शेजाऱ्यांची वाळत घातलेली धुणी, दोहोंची परीक्षा होते.

काका दौंडच्या कचेरीत अव्वल कारकून होते. पावसाळ्यात रुळांखालच्या कुरकुंभ मोरीत गुडघाभर पाणी साचले, की विजार दुमडून ते गाडी ढकलत पलीकडे नेत, आणि किकेला स्पर्शही न करता, गिअर टाकून चार पावले धावत ती सुरू करीत. दप्तर मात्र गळ्यात, कोरडे.

बर्मिंगहॅमच्या बंदूक-कारागिरांनी १८६१ साली काढलेल्या बी.एस.ए. कंपनीने दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी ४९६ सी.सी.च्या अशा लाखावर गाड्या घडविल्या. त्या शेडमध्ये झाकून ठेवण्यासाठी खास नव्हत्या.

या गळतीवर उपाय म्हणून ऑइलच्या टाकीखाली नुसती तोटी बसवून मोकळ्या होणाऱ्या मिस्त्र्यांविषयी माझ्या मनात जुना आकस आहे. तोटी उघडायची राहिली तर पंप कोरडा फिरतो, आणि काही मैलांतच बिग एंडचे बेअरिंग जाते. औद्योगिक वसाहतीत रिअॅक्टरपाशी हयात घालविलेल्या माझ्यासारख्याला, एक गोष्ट झाल्याखेरीज दुसरी होऊ न देणाऱ्या इंटरलॉकवाचून चैन पडणे शक्य नव्हते. प्रचलित युक्ती अशी, की तोटीवर लहानसा स्विच बसवावा, आणि ती बंद असेतोवर त्याने मॅग्नेटोची तार अर्थ करून ठिणगी पडू देऊ नये. परंतु ती तार तुटली तर? कॉइलच्या गाडीत स्विच इग्निशनच्या वाटेतच असतो, त्यामुळे तार तुटताच इंजिन थांबते. मॅग्नेटोच्या गाडीत मात्र तार तुटली की ठिणगीला मोकळीक मिळते, म्हणजे पहारेकरी झोपला आणि वेसही उघडीच राहिली! बिघाड झाल्यास यंत्र थांबलेच पाहिजे, हा कारखान्यातील पहिला दंडक येथे उलटा होतो.

म्हणून मी तारेचा नाद सोडून तोटीचा दांडाच असा लांबविण्याची तजवीज योजिली, की बंद स्थितीत तो किकेच्या आड यावा. टाकी आणि किक दोन्ही उजव्या अंगाला असल्याने हे जमण्यासारखे होते. नकाशा पुरा झाला, आणि त्यातील पळवाट ध्यानी आली: मोरीपलीकडे धावणारे काका किकेला हात लावीतच नसत. मग क्लचच्या लिव्हरलाही अडसर घालावा काय, असे मी काकूंपाशी मोठ्याने बोललो.

"त्यापरीस रोज दौंडला भाजीला जा की रे गाडीवर," त्या म्हणाल्या.