बास्गायथमध्ये पहिल्यांदा

रिबेका यारोसची ‘फोर्थ विंग’ उघडली आणि पहिल्या काही पानांतच मी गांगरले. आधी नकाशा. मग एक टीप: मजकूर नव्हार या देशाच्या भाषेतून जसाच्या तसा उतरवला आहे, आणि धारातीर्थी पडलेल्यांच्या मानासाठी त्यांची नावं बदललेली नाहीत. भाची म्हणाली होती, “मावशी, रोमान्स आहे, वाच तू.” इथे तर बास्गायथ नावाचं लष्करी महाविद्यालय, त्याच्या चार शाखा, वेगवेगळ्या रंगांचे ड्रॅगन आणि सीमेपलीकडे पोरोमिएलचं सैन्य! कोण कुणाच्या बाजूचं हे कळायलाच मला बराच वेळ लागला. नकाशावर बोट ठेवूनच वाचत होते.

नायिका व्हायोलेट वीस वर्षांची. इंग्रजीत या वयाच्या गोष्टींना ‘न्यू अ‍ॅडल्ट’ म्हणतात. 2009 मध्ये सेंट मार्टिन्स प्रेस या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने हे नाव पुढे आणलं. शाळा संपलेली, आयुष्याची घडी अजून बसायची आहे, असं ते वय. व्हायोलेटला वडिलांसारखं ग्रंथागारात काम करायचंय, पण जनरल असलेली आई तिला ड्रॅगनस्वारांत ढकलते. प्रवेशासाठी खोल दरीवरचा अरुंद दगडी कठडा ओलांडायचा. पाय घसरला की संपलं. पुढे उभ्या असलेल्या मुलीच्या बुटाचे तळवे गुळगुळीत आहेत हे पाहून व्हायोलेट आपल्या चांगल्या जोडीतला एक बूट तिला देते आणि तिचा एक स्वतः घालते. ओळख आत्ताची, त्यात पुढे स्पर्धाच, तरी देते. तिथे मी व्हायोलेटची झाले.

त्यानंतर रोज सकाळी संचलनात मेलेल्यांची नावं वाचली जातात. या नावांच्या मधून प्रेम वाट काढतं, आणि तेही कुणावर, तर झेडनवर. त्याच्या बापाने बंड केलं आणि त्या बंडात आपला भाऊ गेला असं व्हायोलेट मानते. बापाला मृत्युदंड दिला तो व्हायोलेटच्या आईने. बंडखोरांच्या 107 मुलांची हमी झेडनने घेतली, तेव्हा प्रत्येकामागे एक असे 107 व्रण त्याच्या पाठीवर उमटवले गेले. बालमित्र डेनही व्हायोलेटवर जीव टाकतो, पण त्याचं एकच पालुपद: तुला झेपणार नाही, परत जा. झेडन तिला लढायला शिकवतो आणि ड्रॅगनवर टिकता यावं म्हणून खोगीर करवून घेतो. व्हायोलेटचे सांधे सहज निखळतात. लेखिकेला स्वतःला एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोम आहे, म्हणूनच असेल, गुडघ्याला पट्टी बांधण्यासारखे तपशील फार खरे उतरलेत. खोगीर ही मला पुस्तकातली सगळ्यात प्रेमाची गोष्ट वाटते, चुंबनांपेक्षाही.

मग लढाईत व्हायोलेटचा मित्र लियम जातो. ड्रॅगन मेला की स्वारही जगत नाही, हा त्या जगाचा नियम. लाकडाच्या छोट्या मूर्ती कोरणारा हा मुलगा शेवटी व्हायोलेटला बहिणीकडे लक्ष द्यायला सांगतो. त्या पानावर मी रडले, मनापासून.

आणि तिथेच मला या युद्धाचा अर्थ लागला. सीमेपलीकडे माणसं मारणारे, दंतकथांतले वेनिन नावाचे दुष्ट जादूगार खरे आहेत, हे नव्हारच्या राज्यकर्त्यांनी पिढ्यानपिढ्या दडवलं, ग्रंथागारातल्या पुस्तकांतूनसुद्धा. झेडनला हे ठाऊक होतं, आणि त्यानेही व्हायोलेटला सांगितलं नाही. तिला वाचवायचं म्हणूनच, हे मान्य. पण राज्यकर्तेही आपल्या माणसांना वाचवायचं म्हणूनच गप्प होते ना? लढाई आणि प्रेम एकाच प्रश्नावर येऊन अडतात: ज्याचा जीव पणाला लागलाय, त्याला खरं कळायला नको का? ग्रंथांवर विश्वास ठेवून वाढलेल्या मुलीला हा घाव किती खोल लागला असेल!

व्हायोलेटने झेडनला लगेच माफ केलं असतं, तर मी पुस्तक तिथेच मिटलं असतं. ती करत नाही. ‘आयर्न फ्लेम’ या दुसऱ्या भागात ती त्याच्याकडे सगळं खरं मागते, त्याच्यावर प्रेम असूनही मागतच राहते. मी आता तिथवर आले आहे, आणि पूर्णपणे तिच्या बाजूने आहे.