फाइल कुणाच्या भरवशावर

आमच्या वाचनालयातलं सर्वांत जुनं दाखल रजिस्टर 1938 सालचं आहे. शाई तपकिरी झाली आहे, कडांना कसर लागली आहे, पण पुस्तकाचं नाव, लेखक, किंमत, देणगीदार, सगळं आजही वाचता येतं. 2001 सालचा वार्षिक अहवाल मात्र कित्येक वर्षं कुणालाच वाचता येत नव्हता. फाइल होती, उघडतही होती. पडद्यावर दिसायचे ते इंग्रजी अक्षरांचे, कंसांचे आणि उद्गारचिन्हांचे ढीग. ज्या मराठी टंकात तो अहवाल टाइप केला होता, तो टंक असलेलं मशीन भंगारात गेलं होतं.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. वाचनालय 'ब' वर्गातलं. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली अनुदान मिळतं, त्यामुळे पुस्तकांइतकंच काम कागदांचं असतं. वार्षिक अहवाल, जमाखर्च, सभासद यादी, सभांची इतिवृत्तं, अनामत परत केल्याच्या नोंदी. हे सगळं मी आता लिनक्सवर करते.

तिकडे वळले ते पैशांच्या हिशेबातून. संगणक जुना, त्यावरच्या ऑपरेटिंग सिस्टिमला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं थांबलेलं, आणि पुढची आवृत्ती त्या मशीनवर चढत नव्हती. नवा संगणक आणि ऑफिसचा परवाना घ्यायचा तर त्या वर्षीच्या पुस्तकखरेदीला कात्री लागली असती. ते मला मान्य नव्हतं. लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवर उतरवलं, आधी तिथूनच चालवून पाहिलं. प्रिंटर ओळखला गेला, स्कॅनर चालला, मग डिस्कवर घातलं. लिब्रेऑफिस हा मोफत ऑफिस संच त्यात आधीपासून होता आणि इन्स्क्रिप्टचा मराठी कीबोर्डही.

आमचे कार्यवाह सर बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी नेमका प्रश्न विचारला. "मॅडम, फुकट मिळतंय हे ठीक. उद्या बनवणाऱ्यांनी हात वर केले तर आपल्या फाइली कुठं जाणार?"

बनवणाऱ्यांनी खरोखरच अनेकदा हात बदलले आहेत, तेच मी त्यांना सांगितलं. 1985 च्या सुमारास जर्मनीत मार्को ब्यॉरिस नावाच्या शाळकरी वयाच्या मुलाने स्टार डिव्हिजन ही कंपनी काढली. तिचं स्टारऑफिस 1999 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने घेतलं आणि 2000 मध्ये त्याची मूळ संहिता सर्वांसाठी खुली केली. तेच ओपनऑफिस. 2010 मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यावर काम करणाऱ्या बऱ्याच जणांनी द डॉक्युमेंट फाउंडेशन स्थापन केलं आणि तीच संहिता घेऊन लिब्रेऑफिस सुरू केलं. कंपन्या आल्या आणि गेल्या, तरी तेव्हाच्या ओडीटी फाइली, म्हणजे या ऑफिसच्या स्वतःच्या स्वरूपातल्या मजकुराच्या फाइली, आज उघडतात. कारण त्या फाइलीची रचना कुणा एकाच्या मालकीची नाही, 2006 पासून ती आयएसओ 26300 या क्रमांकाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. सरांनी क्रमांक वहीत लिहून घेतला. ठेवीचा कागद तपासावा तशी त्यांनी दुसऱ्या दिवशी त्याची खातरजमा केली आणि मग मला सांगितलं, "करा सुरू."

रोजच्या कामात पहिली अडचण आली ती अक्षरांच्या आकाराची. इतिवृत्तात मराठी मजकूर आणि मध्येच पुस्तकाचं इंग्रजी नाव असलं की आकार बदलताना एकच लिपी बदलायची, दुसरी तशीच राहायची. लिब्रेऑफिस प्रत्येक मजकुरासाठी रोमन लिपीचा टंक वेगळा आणि देवनागरीसारख्या जटिल लिपींचा वेगळा लक्षात ठेवतं. आकारही वेगळे, भाषाही वेगळ्या. डॉक्स फाइलीतसुद्धा हे दोन आकार वेगवेगळे साठवलेले असतात. हे कळल्यावर मी हाताने आकार बदलणं सोडलं आणि शैली तयार केल्या. मथळ्याची एक, ठरावाची एक, सूचक-अनुमोदकांच्या ओळीची एक. प्रत्येकीत दोन्ही लिप्यांचे टंक आणि आकार एकदाच ठरवले. शैलीत भाषा मराठी ठेवण्याचा आणखी एक लाभ मला मनापासून आवडतो: काही टंकांत ल आणि श आपल्या वळणाचे उमटतात, हिंदीच्या नाहीत.

बाहेरून आलेल्या डॉक्स फाइलींची गोष्ट वेगळी. परिपत्रकाबरोबर येणारा तक्ता आमच्याकडे उघडला की शेवटची ओळ पुढच्या पानावर जायची. लोक लगेच म्हणतात, लिनक्सवर फाइली बिघडतात. बिघडत काही नाही, टंक बदलतो. रोमन लिपीसाठी यावर चांगला उपाय आहे. एरियल आणि टाइम्स न्यू रोमनच्या जागी लिबरेशन, कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो. हे मोफत टंक मुद्दाम त्याच मापाने बनवलेले आहेत, प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी, म्हणून ओळ तिथेच तुटते. मंगलमधला देवनागरी मजकूर लोहित किंवा नोटोमध्ये उघडला की मात्र ओळी हलतात. त्यामुळे आमचा नियम साधा आहे. समोरच्याने भरून किंवा बदलून परत पाठवायचं ते डॉक्स, नुसतं वाचायचं ते पीडीएफ, आणि आमच्याकडे राहायचं ते ओडीटी. सभेच्या नोटिसा मेल मर्जने कॅल्क या लिब्रेऑफिसच्या तक्त्यांच्या भागातल्या सभासद यादीवरून निघतात, त्यात कधी अडलं नाही.

खरं काम होतं जुन्या फाइलींचं. 1998 ते 2009 या काळातलं जवळजवळ सगळं त्या जुन्या टंकांत अडकलेलं होतं. लिब्रेऑफिसमध्ये अशी फाइल उघडली की टंकाचं नाव तिरप्या अक्षरांत दिसतं. म्हणजे फाइल हा टंक मागते आहे आणि तो संगणकात नाही. त्या नावावरून मी साताऱ्यातल्या एका जुन्या डीटीपीवाल्या काकांपर्यंत पोहोचले. टंक त्यांच्या परवान्यातला, तो मागणं बरोबर नव्हतं. त्यांनी संपूर्ण अक्षरतक्ता कागदावर छापून दिला: कोणत्या इंग्रजी खुणेला कोणता मराठी आकार.

कारण त्या फाइलीत मराठी नव्हतंच. साठवलेली होती इंग्रजी चिन्हं, आणि टंक त्यांना मराठीचा मुखवटा चढवायचा. टंक गेला, मुखवटा गेला. आकडे तेवढे शाबूत होते, म्हणून जमाखर्चातल्या रकमा वाचता यायच्या, पण त्या कशाच्या हे कळत नव्हतं.

तक्ता हातात आला म्हणजे एका खुणेच्या जागी एक अक्षर घालत जायचं, इतकं ते सरळ नसतं. जुन्या टंकांत अक्षरं जशी दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, युनिकोडमध्ये जशी उच्चारली जातात त्या क्रमाने. 'किंमत' या शब्दात पहिली वेलांटी जुन्या फाइलीत 'क'च्या आधी असते, युनिकोडमध्ये नंतर. 'वर्गणी'तला रफार जुन्या फाइलीत 'ग'नंतर येतो, युनिकोडमध्ये 'र' आणि हलन्त 'ग'च्या आधी हवेत. वेलांटी जोडाक्षरावर असेल तर ती अख्खं जोडाक्षर ओलांडून त्याच्यानंतर न्यावी लागते. शिवाय बऱ्याच टंकांत 'ण' किंवा 'श' हे अर्धं अक्षर आणि काना अशा दोन खुणांनी बनतात. तो काना सुटा पकडला गेला तर 'ण'चा 'ण्ा' होऊन बसतो. म्हणून लांब जोड्या आधी, सुट्या खुणा नंतर, आणि वेलांटी-रफारांची हलवाहलव सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवावा लागला. रायटर या लिब्रेऑफिसच्या लेखनाच्या भागातल्या शोधा-बदला खिडकीत रेग्युलर एक्स्प्रेशन चालतात, त्यांच्याच जोरावर हे नियम बसवले. मग प्रत्येक पान डोळ्यांखालून घातलं.

2001 चा अहवाल वाचता आला, आणि त्याच वर्षीच्या इतिवृत्तात एक ठराव सापडला. गावातल्या एका निवृत्त शिक्षकांनी आपला सगळा ग्रंथसंग्रह दिला होता, तो वेगळ्या कपाटात त्यांच्या आईच्या नावाने ठेवावा या अटीवर. वाचनालयाने अट मान्य केली होती. मधल्या स्थलांतरात पुस्तकं इतरांत मिसळली गेली आणि अट कुणाच्या लक्षातच राहिली नाही, कारण ती लिहिलेला कागद वाचता येत नव्हता. दाखल क्रमांकांवरून बहुतेक पुस्तकं शोधून काढली. कपाट पुन्हा लागलं, त्यावर पाटी लागली.

युनिकोडमध्ये आल्यानंतरही शोध पूर्ण लागेना, त्याचं कारण शोधायला मला बराच वेळ लागला. 'ॲड.' हे सभासद यादीत दोन प्रकारे होतं. कुठे 'अ'वर चंद्र दिलेला, कुठे एकसंध 'ॲ', जो युनिकोडमध्ये 2008 साली आला. 'सुऱ्या', 'ऱ्हास' मधला 'ऱ'सुद्धा दोन पद्धतींनी साठवता येतो. डोळ्याला काही टंकांत फरक दिसत नाही, संगणकाला दोन वेगळे शब्द दिसतात. सगळीकडे एकच पद्धत केल्यावर नावं सापडू लागली. ग्रंथयादीचा अकारविल्हे क्रमही तसाच. क्रम लावताना भाषा म्हणून मराठी निवडली की 'ज्ञानेश्वरी' 'ज'मध्ये न येता 'ह'च्या पुढे, 'क्ष'नंतर येते. आमच्या वाचकांना ती तिथेच शोधायची सवय आहे.

पावसाळ्यात एकदा वीज गेली तेव्हा अहवालाची फाइल जतन होत होती. नंतर ती उघडेना. ओडीटी फाइल म्हणजे मुळात एक झिप असते, आत साध्या मजकुराच्या काही फाइली: एकीत मजकूर, एकीत शैली, एकीत फाइलीविषयीची माहिती. लिनक्सवर झिप दुरुस्त करणारी आज्ञा चालवली, शैलींचा भाग गेला होता, मजकुराची फाइल निघाली. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये ती उघडली तर टोकदार कंसांच्या मधून आमचा सगळा अहवाल युनिकोड मराठीत समोर होता. रायटरची गरजही पडली नाही. डॉक्स हीसुद्धा अशीच झिप असते आणि 2008 पासून तिच्या रचनेलाही आयएसओ क्रमांक आहे. माझं भांडण कुठल्या एका प्रोग्रामशी नाही. वाचनालयाचा कागद कोणत्या प्रोग्रामने लिहिला हे विसरलं गेलं तरी तो वाचता आला पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे. केंद्र सरकारने 2010 मध्ये ई-शासनासाठी खुल्या मानकांचं धोरण जाहीर केलं ते याचसाठी, आणि गावातल्या वाचनालयाला ते शहरातल्या कार्यालयाइतकंच लागू पडावं असं मला वाटतं.

जे जमत नाही तेही सांगते. मॅक्रो घातलेल्या काही एक्सेल फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात, पण त्यातली बटणं चालत नाहीत. अशी फाइल आली की मी पेन ड्राइव्ह घेऊन ई-सेवा केंद्रात जाते, तिथे भरून आणते आणि भरलेल्या प्रतीची पीडीएफ आमच्याकडे ठेवते.

मागच्या साधारण सभेत ठराव झाला की संस्थेचे सर्व कागद युनिकोडमध्ये आणि खुल्या स्वरूपात ठेवावेत, त्यांची एक पीडीएफ-ए प्रत असावी आणि अहवाल व इतिवृत्तं छापूनही ठेवावीत. सूचक कार्यवाह सरच होते. आता शेजारच्या तालुक्यातल्या वाचनालयाने त्यांच्या जुन्या फाइली पाठवल्या आहेत. त्यांचा टंक वेगळा आहे, त्यामुळे तक्ता पहिल्यापासून बनवावा लागतो आहे. सुरुवात सभासदांच्या अनामतीच्या नोंदींपासून केली आहे, कारण अनामत परत मागायला लोक दारात येतात तेव्हा त्यांना थांबवून ठेवता येत नाही.