चिखलात पळेल, पाण्यात तरंगेल!

जळगावहून अजिंठ्याला जाताना पहूर लागतं. चहा होतो आणि गाडी सुसाट फर्दापूरकडे. तिथून वाट वाकडी करून जामनेरला जाणारे टूरिस्ट औषधालाही सापडत नाहीत. पूर्वी निदान पाचोऱ्याहून येणारी ‘पीजे’ होती. 56 किलोमीटरची ती इवलीशी नॅरोगेज ट्रेन 2020 मध्ये थांबली. आता एसटी, नाहीतर आपली गाडी.

आणि गाडीचा विषय निघालाच आहे, तर पावसाळ्यात डांबरी रस्ता सोडून बघाच. काळी माती! उन्हाळ्यात भेगाळलेली, आणि दोन सरींनंतर डिंकासारखी. चाकाला चिकटते, मडगार्डमध्ये भरते, तुमची लाखमोलाची एसयूव्ही जागच्या जागी फिरत राहते. त्यात कांग नदी आहे, ओढे आहेत. अजिंठ्याच्या लेण्यांखाली झोकदार वळण घेणारी वाघूरसुद्धा पुढे याच तालुक्यातून जाते. अशा वेळी खताची गोणी किंवा तापाने फणफणलेलं माणूस शेतातल्या घरातून मेन रोडपर्यंत आणायचं म्हणजे बैलगाडी, ट्रॅक्टर नाहीतर खांदा.

मग इथली परफेक्ट गाडी कुठली? सहा किंवा आठ फुगीर चाकांची, टबासारख्या बॉडीची, जमिनीवरून थेट पाण्यात उतरणारी. कॅनडात ‘आर्गो’ नावाने अशा गाड्या 1967 पासून मिळतात. आपल्याकडे मागवायची तर किंमत ऐकूनच घाम फुटेल. घरी बनवली तर?

जामनेरच्या वेल्डिंगच्या दुकानात हा विषय काढून पाहा. (तावडी बोलीचा ठसका ऐकायला मिळेल तो बोनस.) फंडा तसा शाळेतलाच आहे, आर्किमिडीजचा. गाडी आणि दोन माणसं मिळून 600 किलो धरा. म्हणजे 600 लिटर पाणी बाजूला सारायचं. अडीच मीटर लांब आणि दीड मीटर रुंद टब केला, तर तो जेमतेम 16 सेंटिमीटर बुडतो. चाकांतली हवा तरंगायला मदत करते, ती वेगळीच. इंजिन रिक्षाचं घ्यावं. ते हलकं असतं, रिव्हर्स गिअर मिळतो आणि डिफरन्शियल तयार असतं. आर्गोसारख्या गाडीला स्टिअरिंगने वळणारी चाकं नसतातच. डावीकडचा ब्रेक दाबला की उजवी चाकं पुढे धावतात आणि गाडी डावीकडे वळते. पाण्यात टायरच्या नक्षीचंच वल्हं होतं. स्पीड माणसाच्या चालण्याइतका, पण बुडण्यापेक्षा बरा!

खरी परीक्षा असते अ‍ॅक्सल टबातून बाहेर येतो त्या भोकांपाशी. तिथलं ऑइल सील गळलं, की टबाची बादली झालीच समजा. दुसरी गोष्ट म्हणजे वजन शक्य तितकं खाली ठेवणं. दोघंही एकाच बाजूला वाकले, तर आर्किमिडीज वाचवायला येत नाही.

हे सगळं जमेल. लोकांनी जमवलंय. बिहारमधल्या मोतिहारीच्या मोहम्मद सैदुल्लांनी 1975 च्या पुरात पाण्यावर चालणारी सायकल बनवली. त्याबद्दल 2005 मध्ये राष्ट्रपती कलाम यांच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. पण ती सायकल तुम्ही कधी दुकानात पाहिलीत? सांगलीच्या देवराष्ट्रे गावातल्या दत्तात्रय लोहारांनी सुमारे 60 हजारांत किक मारून सुरू होणारी छोटी जीप केली. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण ती नियमात बसत नाही हेही सांगितलं. जानेवारी 2022 मध्ये लोहारांना नवी बोलेरो मिळाली आणि जीप कंपनीकडे गेली. इथून जवळच, धुळ्याच्या धावपट्टीवर 2020 मध्ये कॅप्टन अमोल यादव यांचं विमान उडालं. कांदिवलीत गच्चीवर बांधलेलं ते विमान 2016 मध्ये मुंबईत सगळ्यांनी पाहिलं होतं. त्याचं रजिस्ट्रेशन व्हायला मात्र 2017 उजाडलं.

म्हणजे वेल्डिंगपेक्षा कागद भारी. आणि आपल्या गाडीला कागद लागतात दुप्पट! सार्वजनिक रस्त्यावर आणायची तर 1988 चा मोटार वाहन कायदा. नदीत किंवा धरणात इंजिनावर चालवायची तर 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा. आरटीओसाठी ती होडी आणि बोटवाल्यांसाठी जीप. ज्याच्या बांधापर्यंत रस्ताच पोचलेला नाही, त्याने हे दोन दरवाजे झिजवायचे, हे मला तरी पटत नाही. निदान शेतीकामाच्या, कमी वेगाच्या गाड्यांसाठी सुटसुटीत तपासणी असायला काय हरकत आहे? तोवर अशा गाडीची हद्द म्हणजे स्वतःचं शिवार.

तुम्हाला जायचं असेल तर सप्टेंबर निवडा. कपाशी हिरवीगार असते आणि धरणात पाणी असतं. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी सोडू नका. वाघूर धरणावर ट्रायलचे उद्योग मात्र नकोत. जळगाव शहर ते पाणी पितं. ट्रायल मालकाला विचारून त्याच्या शेततळ्यात घ्या, तेही प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला नसेल तर. टायरने कागद फाटला, तर वर्षभराचं पाणी गेलं. लाइफ जॅकेट दोघांनाही. आणि टबाच्या तळाशी पाणी काढायला एक बूच असतं. उतारावरून गाडी सोडण्याआधी खाली वाकून ते हाताने चाचपून बघा.