आधी नजर, मग हात

पुस्तक वाचून पोहता येत नाही, असं म्हणत आपल्याकडे पुस्तकाला हातच्या कामापासून चार पावलं लांबच ठेवलं जातं. फॅब्रिकेशनच्या शेडमध्येही हाच निवाडा ऐकू येतो: आर्गॉनला हात बसावा लागतो, आणि हात बसायचा तर वस्तादाशेजारी उभं राहून उमेदवारी करावी लागते. यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा मात्र त्याच्यामागून आपोआप येत नाही. टिग वेल्डिंग, म्हणजे शेडमधलं ‘आर्गॉन’, पुस्तकं, तक्ते आणि व्हिडिओ समोर ठेवून एकट्याला शिकता येतं, कारण इथे हाताआधी नजर तयार व्हावी लागते आणि नजर तयार करण्याचं काम छापील शब्द चांगलं करतो. मुळात या विद्येला पिढीजात परंपरा नाहीच. लोहाराच्या भात्यामागे हजारो वर्षं उभी आहेत. टंगस्टनच्या टोकावरचा हा जाळ मात्र रसेल मेरेडिथ यांनी १९४१ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या नॉर्थ्रॉप एअरक्राफ्ट कंपनीत, विमानांसाठी मॅग्नेशियम जोडण्याच्या खटपटीत, हेलियमच्या आवरणाखाली साधला. त्यांना शिकवायला कुणी वस्ताद नव्हता.

एकट्याला हे काम झेपतं याचं कारण त्याच्या घडणीतच आहे. साध्या वेल्डिंगमध्ये रॉडच जाळ धरतो आणि रॉडच वितळून भर घालतो. उष्णता आणि भर एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे बिघडलं काय, हे नवख्याला सुटं करून पाहता येत नाही. टिगमधलं टंगस्टन ३४२२ अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही. त्याच्याकडे फक्त जाळ. भर दुसऱ्या हातातल्या फिलरकडे, आणि पेडल असेल तर अँपिअर पायाकडे. कामं अशी वाटून दिलेली असल्यामुळे ती एकेक करून शिकता येतात आणि एकेक करून लिहिताही येतात. दोन मिलिमीटरची एमएसची, म्हणजे साध्या पोलादाची, पट्टी घ्यायची, मिलिमीटरला सुमारे ४० या हिशेबानं ८० च्या आसपास अँपिअर ठेवायचे, आणि फिलरला हातही न लावता वितळलेल्या धातूचं डबकं तयार करून ते एका रुंदीचं ठेवत सरळ रेषेत पुढे न्यायचं. टोक आणि पत्रा यांतलं अंतर टंगस्टनच्या जाडीइतकं. टोक डबक्यात बुडालं तर जाळ तत्क्षणी बिथरतो. मग थांबून ते पुन्हा घासायचं, तेही लांबीच्या दिशेनं, कारण आडव्या ओरखड्यांवर जाळ भरकटतो. हे जमल्यावर फिलर.

शिवाय हा धातू बहुतेक चुका अंगावर लिहून ठेवतो. लिपी तेवढी शिकावी लागते. स्टेनलेसवर टाक्याच्या दोन्ही बाजूंना सोनेरी झाक आली तर उष्णता बेताची होती, निळा-जांभळा रंग चढला तर जास्त झाली, आणि निस्तेज राखाडी पट्टा उमटला तर धातू भाजला किंवा वायूचं आवरण तोकडं पडलं. तो राखाडी पट्टा पाहून नवखा माणूस घाबरून अँपिअर कमी करतो. पुस्तक म्हणतं, उलट करून बघ. कमी अँपिअरवर डबकं तयार व्हायला वेळ लागतो, हात रेंगाळतो, आणि तेवढ्यात उष्णता पत्राभर पसरते. अँपिअर थोडे वाढवून हात चालता ठेवला तर पत्र्यात एकूण उष्णता कमी शिरते. अॅल्युमिनियमचं तर वागणंच वेगळं. ते ६६० अंशांना वितळतं, पण त्याआधी लाल होत नाही. वरचा ऑक्साइडचा पापुद्रा मात्र २००० अंशांपलीकडेही टिकतो. लाल होण्याची वाट पाहणाऱ्याचा जॉब समोरच खाली ओघळतो. एसी प्रवाहाच्या अर्ध्या फेरीत तो पापुद्रा उडतो आणि खालचं चकचकीत डबकं दिसू लागतं, हे आधी वाचलेल्याला आपण कशाची वाट पाहतोय ते ठाऊक असतं. न वाचलेला नुसते पत्रे जाळत राहतो.

यावरचा सर्वांत तगडा आक्षेप एका अभ्यासातून येतो. १९७४ मध्ये समाजशास्त्रज्ञ हॅरी कॉलिन्स यांनी दाखवलं की ब्रिटनमधल्या ज्या प्रयोगशाळा टीईए नावाच्या प्रकारचा लेसर बांधू पाहत होत्या, त्यांतल्या एकीलाही केवळ छापील लेखांच्या आधारे चालता लेसर बांधता आला नाही. आधी बांधलेल्यांशी प्रत्यक्ष संपर्क लागलाच. मग वेल्डरनं पुस्तकावर का विसंबावं? फरक पुराव्यात आहे. न पेटलेला लेसर आपण का पेटलो नाही हे सांगत नाही. बिघडलेला टाका बहुतेकदा सांगतो. वस्ताद वेळ वाचवतो, हे कबूलच. कोपर कुठे टेकवायचं, फिलर बोटांतून कसा सरकवायचा, हे शेजारचा जाणता माणूस क्षणात दुरुस्त करतो, आणि पुस्तकाला तुमचं कोपर दिसत नाही. तरी कोपर चुकल्याचा परिणाम टाक्याच्या वळ्यांत उमटतोच. त्या वळ्या वाचता येणाऱ्याला दुरुस्ती उशिरा सापडेल, पण सापडेल.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे: जे दिसतच नाही त्याचं काय? वरून देखणा टाका मुळाशी सुटलेला असू शकतो, आणि स्टेनलेसच्या पाठीमागे आर्गॉन सोडला नसेल तर तिथे काळी, खरखरीत खपली धरते. याचंही उत्तर पुस्तकातच आहे: सांधा करवतीनं काप, शिकंज्यात धरून वाकव, मोड. जिवावरच्या धोक्यांबाबत तर पुस्तकाचं पारडं अनुभवापेक्षा जड आहे. आर्गॉनला वास नाही, तो हवेपेक्षा जड, टाकीच्या तळाशी साचून माणसाला गुदमरवतो. थोरिएटेड टंगस्टन घासताना उडणारी धूळ किरणोत्सारी असते. क्लोरिनयुक्त द्रावणानं पुसलेल्या पत्र्यावर जाळ धरला तर फॉस्जीन तयार होऊ शकतो. करून बघत शिकण्याच्या या गोष्टी नव्हेत. इथला पहिलाच धडा शेवटचा ठरू शकतो, आणि रोजच्या सवयीनं अनुभवी हातही त्यांना सरावतात.

राहता राहिली पात्रता. दाबपात्रांच्या कामात वेल्डरची परीक्षा घेणारा एएसएमई संहितेचा नववा विभाग उमेदवार कुणाकडे शिकला हे विचारत नाही. ठरलेल्या पद्धतीनं जोडलेला नमुना तो मागतो, त्याच्या पट्ट्या वाकवून किंवा रेडिओग्राफी करून पाहतो, आणि दोष मर्यादेत आहेत का तेवढं तपासतो. एकट्यानं शिकणाऱ्यानं हीच कठोर तपासणी पहिल्या आठवड्यापासून स्वतःवर लावून घ्यावी. आपला टाका कापायला ज्याचं मन धजत नाही, त्याला पुस्तक शिकवू शकत नाही, आणि वस्तादही फार काही शिकवू शकेल असं नाही.