जुनी मोटार

नवी मोटार घेणाऱ्या माणसाचे लोक अभिनंदन करतात; जुनी घेणाऱ्याची विचारपूस करतात. या विचारपुशीत आजाऱ्याच्या समाचाराला आलेल्या पाहुण्यांचा सूर असतो. ‘कशी काय चालते?’ ‘परवा फाट्यावर बंद पडली होती म्हणे?’ ‘आणखी किती वर्षे काढील?’ माझी मोटार मारुती ८००, नोंदणी १९९६ सालची. मी ती २०१२ साली, म्हणजे तिची कायद्याने ठरलेली पहिली पंधरा वर्षे सरल्यावर, एका दुचाकीच्या किमतीहून कमी पैशांत घेतली. तेव्हापासून मी हे समाचार घेत आलो आहे, आणि मोटार मात्र रोज खारबावहून भिवंडीला जाऊन संध्याकाळी सुखरूप परत येत आली आहे.

खारबावला रेल्वेचे स्टेशन आहे हे खरे. वसई-दिवा मार्गावर कामण रोड आणि भिवंडी रोड यांच्यामध्ये ते आहे. परंतु या रुळांवर मालगाड्यांचा राबता मोठा आणि उतारूंच्या गाड्या दिवसाकाठी मोजक्याच. मी भिवंडीत एका यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेबनीस आहे. महिनाअखेर आली की रात्रीचे दहा वाजले तरी माझी बेरीज जुळत नाही, आणि त्या वेळी घरी नेणारी गाडी वेळापत्रकात शोधूनही सापडत नाही. रिक्षा अंजूरफाट्यापर्यंत मिळते. पुढे चिंचोटीच्या रस्त्याने कंटेनरांच्या रांगेतून रात्री खारबावला येण्यास रिक्षावाले फारसे राजी नसतात. तेव्हा मोटार ही माझी हौस नव्हती, निकड होती. आणि निकडीला खिसा पाहूनच वागावे लागते.

मारुती ८०० ही मुळातच थोड्या पैशांच्या माणसासाठी जन्मलेली मोटार. तिच्याआधी मध्यमवर्गीयांची मोटार म्हणजे कुर्ल्याला तयार होणारी फियाट, जी पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेली. पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी, तेव्हा ती दारी यायची. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुतीची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांना मिळाली, आणि शाळामास्तर व बँकेतला कारकूनही मोटारीची भाषा बोलू लागला. तीन सिलिंडर, ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि बारा इंची इवलीशी चाके, एवढ्या भांडवलावर तिने तीस वर्षे देश पालथा घातला. जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. पद्मिनीने तर ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सीच्या रूपानेही मुंबईचा निरोप घेतला.

जुन्या मोटारीची दुखणी हा माझ्या बोलण्यातला इतका आवडता विषय आहे की घरची मंडळी पाहुण्यांसमोर मला तो काढू देत नाहीत. वाचकांना मात्र उठून जाण्याची मोकळीक असल्यामुळे दोन शब्द सांगतो. खारबावच्या नावातच खार आहे आणि हवेतही आहे. खाडीवरून येणारा वारा पत्रा आतून खातो. दाराच्या खालच्या कडा, पायाखालची जमीन आणि सायलेन्सर ही त्याची लाडकी खाद्ये. पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्यातून गेले की ब्रेक ओले होतात आणि पकडत नाहीत. अशा वेळी पुढे थोडे अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून हळू चालवावे, म्हणजे घर्षणाच्या उष्णतेने ते सुकतात. सकाळी गार इंजिनासाठी चोक किती ओढावा आणि कोणत्या क्षणी परत ढकलावा, हे मला एखाद्या वैद्याला नाडी कळावी तसे आता बोटांनाच कळते.

परंतु तिचे खरे मर्मस्थान म्हणजे कार्ब्युरेटर. त्याच्या गळ्याशी हवेची वाट अरुंद केलेली असते. अरुंद वाटेने हवा वेगाने धावते, वेगाबरोबर तिचा दाब उतरतो, आणि त्या उतरलेल्या दाबामुळे शेजारच्या वाटीतले पेट्रोल एका अगदी बारीक छिद्रातून आपोआप वर ओढले जाते. या छिद्राला जेट म्हणतात. त्यात मोहरीहून बारीक कचरा अडकला तरी मोटार आचके देऊ लागते. अलीकडे हे वारंवार होऊ लागले. २०२५ सालापर्यंत देशभरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. इथेनॉल हवेतले पाणी शोषते, जुन्या रबराला ते मानवत नाही, आणि त्याच्या लिटरात पेट्रोलच्या लिटराएवढी उष्णताही नसते. १९९६ साली ही मोटार बांधणाऱ्यांच्या मनात हे पेय नव्हते. मी तिच्या पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या नव्या घातल्या, आणि आठ-आठ दिवस तिला उभी ठेवायची नाही असा नियम केला.

ही विद्या मला भिवंडीतल्या एका मिस्त्रींनी दिली. मी त्यांना चाचा म्हणतो, ते मला मेहताजी म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी जेट काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, ‘मेहताजी, हा उजेडाकडे धरा. आरपार दिसलं तर गाडी चालेल, नाही दिसलं तर मी कितीही पैसे घेतले तरी चालणार नाही.’ इतका स्वच्छ हिशेब मी आमच्या धंद्यातही क्वचितच पाहिला आहे. एखादा भाग दुकानात मिळाला नाही तर ते कुर्ल्याच्या भंगारबाजाराचा रस्ता दाखवतात. तिथेही नसला तर शेजारच्या लेथवाल्याकडून कातून घेतात. भिवंडीला ही रीत नवी नाही. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचे पुष्कळसे विणकाम इकडे वळले, आणि गिरण्यांनी मोडीत काढलेले माग इथल्या शेडमध्ये पुन्हा खडखडू लागले. ज्या गावाचा संसार दुसऱ्याने टाकलेल्या यंत्रांवर उभा राहिला, त्या गावात जुन्या वस्तूला कोणी हसत नाही. तिचे काय बिघडले आहे एवढेच विचारतात.

हिशेबनीस असल्यामुळे मोटारीची वही मी वेगळी ठेवली आहे. वर्षभराची दुरुस्ती नव्या मोटारीच्या दोन-तीन हप्त्यांत बसते, असे ती वही सांगते. पण वहीत एक रकाना नाही, आणि तो लक्षाचा. रविवारची सकाळ, पाणी आणि तेल पाहण्याची रोजची पाच मिनिटे, चढावर तिचा बदललेला आवाज ऐकून मध्येच थांबवलेले संभाषण, ही सारी किंमत मी देतच असतो. जुनी मोटार पैशाने स्वस्त असते. लक्षाने ती फार महाग पडते.

या महागड्या लक्षाचा मोबदला मला एका श्रावणात मिळाला. रात्री दोनच्या सुमारास शेजारच्या म्हातारबांनी दार वाजवले. ‘भाऊ, गारी काढता का?’ एवढेच ते बोलले. त्यांच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या, आणि बोलावलेली रुग्णवाहिका वाटेत अडकली होती. बाहेर पाऊस कोसळत होता. मी चोक ओढला, किल्ली फिरवली, आणि मोटार पहिल्याच हाकेला जागी झाली. वाटेत दोन ठिकाणी पाणी होते. कुठले पाणी तिला झेपेल आणि कुठल्या पाण्यापुढे तिला थांबवले पाहिजे, हे मला ठाऊक होते. त्या ज्ञानाच्या भरवशावर आम्ही रुग्णालयाच्या दारात पोहोचलो. सून आणि नातू दोघेही सुखरूप आहेत. नातू आता शाळेत जातो आणि माझ्या मोटारीला ‘डबा’ म्हणतो.

माझा मुलगा या प्रश्नाकडे निराळ्या दृष्टीने पाहतो, आणि त्याचे म्हणणे मला टाकून देता येत नाही. ‘बाबा, हिचा धूर नव्या गाडीपेक्षा जास्त आहे, आणि उद्या एखाद्या ट्रेलरने धडक दिली तर तुम्हांला वाचवायला हिच्यात एअरबॅगसुद्धा नाही,’ असे तो म्हणतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सरकारचे मतही त्याच्याच बाजूचे दिसते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी मोटार तपासून नोंदणी नवी करून घ्यावी लागते. २०२१ साली हे काम सहाशे रुपयांच्या शुल्कात झाले. एप्रिल २०२२ पासून ते शुल्क पाच हजार झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी दहा हजार. पर्यावरण कर निराळाच. माझ्या मोटारीची मुदत २०२६ मध्ये संपते. भंगारवाला तिचे जे देईल, त्याचा मोठा हिस्सा तिला रस्त्यावर ठेवण्याच्या परवानगीलाच जाईल.

मी रक्कम बाजूला काढून ठेवली आहे, पण एक अट स्वतःला घालून. तपासणीच्या आधी चाचांनी तिच्या धुराची आणि ब्रेकची खरी परीक्षा घ्यायची आणि माझी भीड न ठेवता निकाल सांगायचा. ती उतरली, तर आणखी पाच वर्षे. न उतरली, तर मी स्वतः चालवत तिला मोडीच्या केंद्रावर नेईन. जुन्या वस्तूवर माया असावी. पण तिच्या धुराचा भार शेजाऱ्याच्या नातवाच्या छातीवर टाकण्याइतकी ती आंधळी असू नये.

त्यानंतर घरात नवी मोटार येईल. ती न कुरकुरता चालेल, आणि बिघडली तर तिच्या पोटात काय झाले ते संगणक सांगेल. मी पैसे भरीन आणि मान डोलावीन. तिचा मालक म्हणून कागदावर माझे नाव असेल, यात शंका नाही. फक्त तिचा कोणताही भाग तळहातावर घेऊन उजेडाकडे धरण्याचा अधिकार मला राहणार नाही. आणि वस्तू आपली होते ती त्या अधिकाराने, असे मला चौदा वर्षांच्या या सोबतीनंतर वाटू लागले आहे.